आधी खुंट मोजा: चित्रं पाहत शिकायचा अमेरिकेचा इतिहास

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सहा फुटांहून रुंद असं एक निसर्गचित्र आहे. डावीकडे उंच कडा, मोडलेली झाडं आणि पुढे सरकत चाललेलं वादळ. उजवीकडे लख्ख ऊन, चौकोनी शेतं आणि मोठं वळण घेऊन जाणारी संथ नदी. पहिल्यांदा मी त्यासमोर उभी राहिले तेव्हा बराच वेळ नुसती नदीच पाहत होते. शेजारी एक लहान मुलगा आईचा हात ओढत म्हणाला, “तो बघ माणूस!” तेव्हा मला दिसलं. चित्राच्या खालच्या भागात, खडकांच्या बेचक्यात टोपी घातलेला एक माणूस बसला आहे. समोर कॅनव्हास आहे आणि तो मान वळवून थेट आपल्याकडे पाहतो आहे. हे चित्र काढणारा थॉमस कोल तो हाच.

चित्र 1836 सालचं. नाव ‘द ऑक्सबो’. बैलाच्या मानेभोवती घालून जुवाला अडकवतात त्या वाकवलेल्या लाकडी कमानीला इंग्रजीत ऑक्सबो म्हणतात. मॅसॅच्युसेट्समधल्या कनेक्टिकट नदीचं नॉर्थॅम्प्टनजवळचं वळण अगदी तसं दिसतं, म्हणून हे नाव. अमेरिकेच्या इतिहासाचा तास या एका चित्रावर सुरू करता येतो, आणि माझ्या मते तिथूनच सुरू करावा. 1836 मध्ये त्या देशापुढे जो प्रश्न होता तो कोलने चित्रात मधोमध मांडून ठेवला आहे: हे रान राहणार की त्याचं शेत होणार? आणि हे ठरवणार कोण?

कोल मुळात अमेरिकेचा नव्हे. 1801 मध्ये इंग्लंडमधल्या बोल्टन या गावी, कापडगिरण्यांच्या प्रदेशात त्याचा जन्म झाला. कापडावर छापायच्या नक्षीचं कोरीवकाम तो तरुणपणी शिकला आणि 1818 मध्ये कुटुंबासोबत अमेरिकेत आला. गिरण्या आल्या की नदीचं आणि झाडांचं काय होतं हे त्याने लहानपणीच पाहिलं होतं. म्हणूनच ज्या वर्षी हे चित्र काढलं त्याच वर्षी अमेरिकेच्या निसर्गावर लिहिलेल्या निबंधात, कुऱ्हाडीचा घाला दिवसेंदिवस वाढतो आहे, अशी खंत त्याने मांडली. हे माहीत झाल्यावर चित्र पुन्हा पाहावं. वादळ रानाच्या बाजूला आहे आणि ऊन शेताच्या बाजूला. मग कोल शेतीच्या बाजूचा होता का? तसं असेल तर त्याने स्वतःला रानाच्या बाजूच्या खडकांत का बसवलं? वर्गात या प्रश्नावर दोन तट पडतात आणि पडू द्यावेत. कलेचे अभ्यासकही यावर एकमताने बोलत नाहीत.

आता एक गोष्ट चित्राबाहेरची. चित्रात डावीकडे माणसाचा हात न लागलेलं रान आहे आणि उजवीकडे गोऱ्या वसाहतकऱ्यांची शेती. पण त्या नदीकाठच्या सुपीक गाळात वसाहतकरी येण्याच्या कितीतरी आधीपासून नोनोटक लोक मका पिकवत होते. म्हणजे ‘आधी नुसतं जंगल, मग शेती’ ही मांडणीच अपुरी आहे. चित्र निघालं त्याच्या सहा वर्षं आधी, 1830 मध्ये, अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला हलवण्याच्या कायद्यावर सही केली होती. ‘ही भूमी रिकामीच होती’ असं मानणाऱ्या समाजाला तो कायदा फारसा टोचला नाही. निसर्गचित्रांनी तो समज घडवायला हातभार लावला, हे मुलांना सांगायला कचरू नये. चित्र सुंदर असतं आणि तरीही त्यात कुणाला तरी गाळलेलं असतं.

इतिहासाच्या शिक्षकाने चित्र कसं वापरावं याचं मर्म इथेच आहे. चित्राला कॅमेऱ्याचा पुरावा समजायचं नाही. चित्र म्हणजे कुणीतरी मांडलेली बाजू. कोर्टात वकील बाजू मांडतो तेव्हा आपण विचारतो: तू कुणाचा वकील? फी कुणी दिली? कुठला कागद तू पुढे केला नाहीस? चित्रालाही हेच विचारायचं.

फी कुणी दिली, हा प्रश्न विचारायला जॉर्ज इनेसच्या ‘लॅकावाना व्हॅली’पेक्षा चांगलं चित्र मला माहीत नाही. साधारण 1855 सालचं हे चित्र आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पेनसिल्व्हेनियातलं स्क्रँटन गाव, मागे धूसर टेकड्या, मध्ये चर्चचा मनोरा, वाफेचं इंजिन गाडी ओढत येतंय, आणि पुढच्या बाजूला गवतात टोपीवाला मुलगा निवांत रेलून बसलेला. पहिल्या नजरेत सगळं कसं छान. मग मुलांना सांगायचं, मुलाच्या भोवती बघा. खुंट मोजा.

तोडलेल्या झाडांच्या खुंटांनी ते अख्खं कुरण भरलं आहे. मोजता मोजता मुलं गप्प होतात.

हे चित्र रेल्वे कंपनीने पैसे देऊन काढून घेतलं होतं. डेलावेअर, लॅकावाना अँड वेस्टर्न ही ती कंपनी. इनेसला 75 डॉलर मिळाले. त्याने पुढे सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे, इंजिनं ठेवायच्या गोल शेडकडे तेव्हा एकच रूळमार्ग जात होता, पण कंपनीला चित्रात जास्त रूळ हवे होते. जे अजून टाकायचे होते तेही. म्हणजे चित्रात उद्याची जाहिरात आहे. आणि त्याच जाहिरातीत, कंपनीच्याच पैशाने, खुंटही आहेत. ते चित्रकाराने दुःखाने काढले की नुसते समोर दिसले म्हणून काढले? याचा पक्का निवाडा चित्र देत नाही. पण रूळ टाकायला लाकूड लागतं, स्क्रँटनमध्ये रुळांचं लोखंड वितळवायला भट्टी लागते, भट्टीला कोळसा लागतो, आणि या सगळ्यासाठी ते खोरं उघडं पडतं, ही कार्यकारणाची साखळी पाठ्यपुस्तकाच्या चार पानांपेक्षा या एका कुरणात लवकर समजते. चित्राची पुढची कथाही मुलांना आवडते: कित्येक वर्षांनी इनेसला स्वतःचं हे चित्र मेक्सिको सिटीतल्या एका जुन्यापुराण्या वस्तूंच्या दुकानात सापडलं आणि त्याने ते विकत घेतलं.

आता 1872 साली काढलेलं एक छोटं चित्र. जेमतेम फूटभर उंच. अमेरिकेतल्या शाळांमध्ये याच्याइतकं दाखवलं जाणारं चित्र क्वचितच असेल. जॉन गास्टचं ‘अमेरिकन प्रोग्रेस’. पांढऱ्या वस्त्रातली एक भव्य स्त्री आकाशातून पूर्वेकडून पश्चिमेकडे निघाली आहे. कपाळावर तारा, हाताशी शाळेचं पुस्तक, आणि मागे उलगडत जाणारी तारयंत्राची तार. तिच्या पायाखाली शेतकरी, खाणकामगार, घोडागाड्या, आगगाड्या. तिच्या पुढे, चित्राच्या अंधाऱ्या डाव्या कोपऱ्यात, पळत सुटलेले मूळ रहिवासी, अस्वल आणि गवे. उजेड कुठे आणि अंधार कुठे एवढं विचारलं तरी मुलं निम्मं चित्र स्वतःच उलगडतात.

हे काढून घेणारा जॉर्ज क्रॉफट रेल्वेप्रवाशांसाठी मार्गदर्शिका छापत असे. चित्राच्या रंगीत छापील प्रती काढून त्याने त्या देशभर पोचवल्या. पूर्व-पश्चिम जोडणारी रेल्वे 10 मे 1869 रोजी युटामधल्या प्रॉमन्टरी इथे पूर्ण झाली होती. तिकिटं खपायला हवी होती. आता गाळलेलं कोण? कॅलिफोर्नियाकडून येणारा रेल्वेमार्ग ज्यांनी डोंगर फोडून बांधला ते चिनी मजूर. दहा हजारांहून अधिक होते. चित्रात गाड्या धावताहेत, त्यांच्यापैकी एकही नाही. दहाच वर्षांनी, 1882 मध्ये, चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा झाला. आणि ते पळणारे गवे? कोट्यवधी होते, 1889 च्या मोजणीत जेमतेम हजारभर उरले.

गास्टचं चित्र एकटं कधीच दाखवू नये असं माझं ठाम मत आहे. त्याच्या शेजारी 1877 चं एक रेखाटन ठेवावं. ते वोहॉ नावाच्या कायोवा माणसाने काढलेलं आहे. दक्षिणेकडच्या गवताळ पठारांवरच्या लढाईनंतर 1875 मध्ये कायोवा, शायेन आणि इतर जमातींच्या बहात्तर माणसांना फ्लोरिडातल्या फोर्ट मॅरियन किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं. तिथे त्यांच्यापैकी काहींनी चित्रं काढली: सोडून आलेला मुलूख, आगगाडीचा प्रवास, वाटेतली शहरं. पठारावरचे चित्रकार आधी व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या वह्यांवर काढत, म्हणून या शैलीला ‘लेजर आर्ट’ असं नाव पडलं. आपण खतावणीचित्रं म्हणू. वोहॉच्या चित्रात तो स्वतः मधोमध उभा आहे. एका बाजूला गवा, दुसऱ्या बाजूला पाळीव बैल. एकीकडे तंबू, दुसरीकडे घर आणि नांगरलेली जमीन. दोन्हीकडे त्याने हात पसरून चिलीम पुढे केली आहे. गास्टच्या चित्रात पळणारा माणूस इथे उभा आहे, त्याला नाव आहे, आणि समोर आलेल्या दोन जगांशी तो काहीतरी बोलतो आहे. दोन्ही चित्रांमध्ये पाचच वर्षांचं अंतर आहे. वर्गात ही दोन चित्रं शेजारी लावली की फळ्यावर ‘पश्चिमेकडील विस्तार’ असा मथळा लिहायची गरज उरत नाही.

गुलामगिरीचा धडा निसर्गचित्रातून शिकवता येईल हे बऱ्याच जणांना पटत नाही. त्यांनी रॉबर्ट डंकनसनचं सिनसिनाटी शहराचं चित्र पाहावं. साधारण 1851 चं. डंकनसन हा स्वतः कृष्णवर्णीय, आणि त्या काळात निसर्गचित्रकार म्हणून नाव कमावलेला. चित्रात ओहायो नदी आहे, पलीकडे सिनसिनाटीची दाट वस्ती, अलीकडे केंटकीचा हिरवा काठ. चित्रकार केंटकीच्या बाजूला उभा राहून पाहतो आहे आणि त्या काठावर कृष्णवर्णीय माणसं कामात आहेत. ही नदी म्हणजे सीमा होती. केंटकीत गुलामगिरी कायदेशीर, ओहायोत नाही. तरीही पोहून पलीकडे गेलं की सुटका, असंही नव्हतं. 1850 च्या कायद्याने पळालेल्या गुलामाला स्वतंत्र राज्यातूनही पकडून परत देणं बंधनकारक केलं होतं. हे कळल्यावर त्या शांत निळ्या पाण्याकडे पाहणं पहिल्यासारखं राहत नाही.

मराठी वाचकाला इथे एक जवळचा धागा आहे. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली तेव्हा ती अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली ज्यांनी गुलामगिरी संपवण्यासाठी झीज सोसली. पुण्यात बसलेला माणूस त्या नदीकडे पाहत होता. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात वाढणाऱ्या आपल्या मुलांना शाळेत हा काळ शिकवला जातो तेव्हा घरी ही अर्पणपत्रिका काढून दाखवावी, एवढंच मला सुचवायचं आहे.

शहराकडे वळू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये काही चित्रकारांनी डोंगर-दऱ्या सोडून गल्ल्या रंगवायला घेतल्या. त्यांच्यातले बरेच जण आधी वर्तमानपत्रांसाठी घटनास्थळी जाऊन चित्रं काढत, त्यामुळे गर्दी टिपायची सवय होती. लोकांनी त्यांना ‘अ‍ॅशकॅन’ म्हणजे राखेच्या डब्याचे चित्रकार असं नाव दिलं. जॉर्ज बेलोज त्यांच्यात मिसळणारा. 1913 मधलं त्याचं ‘क्लिफ ड्वेलर्स’, म्हणजे कड्यावर राहणारे, आज लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे.

लोअर ईस्ट साइडमधली उन्हाळ्याची दुपार. दोन्ही बाजूंना पाच-सहा मजली इमारती, त्यांच्या मधून आडव्या गेलेल्या दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, खिडक्यांत आणि लोखंडी जिन्यांवर माणसं, खाली रस्त्यात पोरांचा गलका, आणि त्या गर्दीत अडकलेली ट्राम. गिरगाव-परळच्या चाळी पाहिलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. नाव मात्र समजावून सांगावं लागतं: नैऋत्य अमेरिकेत कड्यांच्या कपारीत मूळ रहिवाशांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेली घरं आहेत, त्यावरून ते घेतलं. याच दृश्याचं एक रेखाटन बेलोजने त्या वर्षी ‘द मासेस’ या डाव्या विचारांच्या मासिकात दिलं. खाली ओळ होती: हे लोक सुट्टीला खेड्यात का जात नाहीत? त्या ओळीने रागाचा रोख कळतो. गरिबाला ‘हवा बदलायला जा’ म्हणणाऱ्या सुखवस्तू माणसावर तो आहे.

या चित्रातली माणसं कुठून आली? बरीचशी पूर्व आणि दक्षिण युरोपातून, एलिस बेटावरून. न्यूयॉर्कच्या बंदरातल्या या बेटावर येणाऱ्यांची तपासणी होत असे. 1907 या एका वर्षात त्या बेटावरून दहा लाखांहून अधिक लोक आत आले. मग दार लोटलं गेलं. 1917 च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना अडवलं, 1924 च्या कायद्याने पूर्व आणि दक्षिण युरोपाचा वाटा फार कमी केला. बेलोजचं चित्र त्या दोन्ही कायद्यांच्या आधीचं आहे. वर्गात याच जागी थांबून विचारावं: ही गर्दी पाहून कुणाला वाटलं असेल ‘किती जिवंत शहर’, आणि कुणाला वाटलं असेल ‘आता पुरे’? एकच चित्र दोन्ही डोळ्यांनी पाहता आलं की 1924 चा कायदा कसा झाला हे समजायला लागतं.

आणि सतराच वर्षांनी माणसं चित्रातून नाहीशी होतात. चार्ल्स शीलरचं 1930 चं चित्र. नाव ‘अमेरिकन लँडस्केप’, अमेरिकेचं निसर्गचित्र. त्यात डोंगर नाही, झाड नाही. फोर्ड कंपनीचा डेट्रॉइटजवळचा रिव्हर रूज कारखाना आहे: धुराडं, सिमेंटचे कोठार, मालगाडी, आरशासारखं स्थिर पाणी. शीलर 1927 मध्ये तिथे कंपनीच्या जाहिरातीसाठी फोटो काढायला गेला होता. हजारो कामगार राबत होते त्या जागी, चित्रात रुळांजवळ मुंगीएवढा एक माणूस. तो मुलांनी शोधावा. शोधायला वेळ लागतो हेच त्या चित्रात घडायला हवं. मग तारखा सांगाव्यात. 1929 च्या ऑक्टोबरात शेअरबाजार कोसळला. 7 मार्च 1932 रोजी बेकार कामगारांचा मोर्चा याच कारखान्यावर गेला, पोलिसांनी आणि कंपनीच्या पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या, चार जण जागीच मेले आणि पाचवा पुढे गेला. चित्रातली शांतता कुणाची होती, हे मुलं त्यानंतर आपणहून विचारतात.

वर्गात प्रत्यक्ष काय करावं? सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे शिक्षकाने सुरुवातीला गप्प बसणं. चित्र लावायचं, नाव-साल झाकायचं आणि दोन-तीन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. नंतर अ‍ॅबिगेल हाउसेन आणि फिलिप येनावाइन यांनी रूढ केलेले तीन साधे प्रश्न: या चित्रात काय चाललंय? असं तुला कशावरून वाटतं? आणखी काय दिसतंय? मधला प्रश्न सोन्यासारखा आहे, कारण तो मुलाला परत चित्राकडे पाठवतो. ‘कशावरून?’ विचारायची सवय म्हणजेच इतिहासाची सवय. साल, कायदा, जनगणना, रेल्वेची जाहिरात हे कागद त्यानंतर द्यावेत. आधी दिले तर मुलं चित्रात उत्तर शोधतात, चित्र पाहत नाहीत.

आणखी एक, जे सहसा कुणी करत नाही. चित्राचा खरा आकार भिंतीवर खडूने आखावा. पडद्यावर सगळी चित्रं सारखीच दिसतात, त्यामुळे हातात धरण्याजोगं गास्टचं चित्र आणि सहा फुटी ‘ऑक्सबो’ यांतला फरक पुसला जातो. एक जाहिरात म्हणून घरोघरी जाणार होतं, दुसरं प्रदर्शनाच्या दालनात लोकांना थबकवणार होतं. मेट्रोपॉलिटन आणि नॅशनल गॅलरीने आपल्याकडची जुनी चित्रं मोठ्या आकारात मोफत उतरवून घ्यायला खुली केली आहेत, त्यामुळे खुंट मोजण्याइतकं जवळ जाणं आता कुठल्याही गावातून जमतं. 2008 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल एन्डावमेंट फॉर द ह्युमॅनिटीज या सरकारी संस्थेने कोल, शीलर अशांच्या कलाकृतींच्या चाळीस मोठ्या प्रतिमा शाळांना आणि ग्रंथालयांना पाठवल्या होत्या. कल्पना तीच: भिंतीवर चित्र असलं की ते रोज येता-जाता दिसतं.

त्या संचात जेकब लॉरेन्सच्या स्थलांतरमालिकेतलंही एक चित्र होतं. पहिल्या महायुद्धापासून दक्षिणेतली लाखो कृष्णवर्णीय माणसं उत्तरेतल्या शहरांकडे निघाली. लॉरेन्सचे आईवडीलही त्याच ओघातले. 1941 मध्ये, तेवीस वर्षांचा असताना, त्याने साठ छोटी चित्रं पूर्ण केली, प्रत्येकाखाली एक ओळ. साठही फळ्या एकत्र मांडून तो एक रंग घ्यायचा, तो सगळीकडे लावायचा, मग पुढचा रंग. म्हणून साठ चित्रं एकाच श्वासातली वाटतात. पहिल्या चित्रात स्थानकावर गर्दी आहे आणि वर तीन पाट्या: शिकागो, न्यूयॉर्क, सेंट लुइस. शेवटच्या चित्रात पुन्हा फलाटावर गर्दी. मधल्या अठ्ठावन्न चित्रांत ते का निघाले आणि पोचल्यावर काय मिळालं हे आहे. मुलांना ओळ झाकून चित्र द्यावं आणि स्वतःची ओळ लिहायला सांगावी, मग लॉरेन्सची दाखवावी. दोन ओळींमधल्या अंतरावर अर्धा तास बोलता येतं.

शेवटचा गृहपाठ पुन्हा त्या वळणाचा. आजचा उपग्रह नकाशा उघडा आणि नॉर्थॅम्प्टनजवळ कोलची नदी शोधा. ती तशी सापडणार नाही. चित्र काढल्यानंतर चारच वर्षांनी, 1840 च्या पुरात, नदीने ते वळण मधूनच फोडलं आणि ती सरळ गेली. वळणाचं पाणी मागे राहिलं, ते अजून आहे. शेजारून इंटरस्टेट 91 हा महामार्ग जातो. कोलने हे दृश्य जिथून पाहिलं त्या होल्योक डोंगरावर आजही चढता येतं आणि तिथून हे सगळं एका नजरेत दिसतं. कोलच्या जागी बसून हेच दृश्य आज काढायचं झालं, तर उजेड कुठे टाकाल आणि वादळ कुठे, हे कागदावर आखून आणायचं.